हिवाळ्यातील लगोरी : डाव मुलांच्या हाती कसा सोपवावा

डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नागपूरकडे त्याच्याही आधी, म्हणून मुलांना मैदानात उतरवायचे असल्यास चार ते साडेपाच ही वेळ धरावी. या दिवसांत उन्हाचा चटका नसतो आणि तासभर पळूनही मुले मलूल होत नाहीत. संघभावना आणि नेतृत्व अंगी बाणवण्यासाठी मला लगोरी सर्वांत सोयीची वाटते, कारण लगोरी रचणाऱ्या गटाला ठिकऱ्या रचणे आणि चेंडूपासून वाचणे ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात आणि कितीही चपळ असला तरी एकट्या भिडूला ती झेपत नाहीत.

साहित्य किरकोळ आहे. फुटक्या शहाबादी फरशीचे सात चपटे तुकडे निवडावेत, सर्वांत खालचा ताटलीएवढा आणि सर्वांत वरचा पुरीएवढा, आणि त्यांच्या कडा सिमेंटच्या पायरीवर घासून बोथट कराव्यात. चेंडू टेनिसचा किंवा चिंध्यांचा असावा. सीझन बॉल मुळीच नको. चेंडू कमरेच्या खालीच मारायचा आणि तो हातात असताना पळायचे नाही, हे दोन नियम आधीच ठरवून घ्यावेत. चेंडू घेऊन पळता येत नसल्यामुळे मारणाऱ्या गटालाही तो एकमेकांकडे फेकतच पुढे न्यावा लागतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती कॅप्टन निवडताना. मुलांवर सोडले तर ज्याचा चेंडू तोच कॅप्टन, असा न्याय होतो. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक डावाला नवा कॅप्टन नेमावा आणि डाव सुरू होण्यापूर्वी त्याला मसलतीसाठी एक मिनिट द्यावे. त्या मिनिटात नेम कोण धरणार, ठिकऱ्या कोण रचणार आणि चेंडू आपल्याकडे ओढून कोण पळणार, हे त्याने नावे घेऊन सांगायचे.

आमच्या आवारात पहिल्याच दिवशी नऊ वर्षांच्या एका कॅप्टनने नुसतेच “पळा, पळा” असे ओरडून सगळ्यांना ठिकऱ्यांवर लोटले आणि पाचही जण एकापाठोपाठ एक बाद झाले. दोन डावांनंतर चिठ्ठी एका अबोल मुलीची निघाली. तिने सर्वांत उंच मुलाला मुद्दाम विरुद्ध दिशेला पळायला सांगितले; सगळा मारा त्याच्यामागे गेला आणि तेवढ्या वेळात तिने स्वतः गुडघे टेकून सहा ठिकऱ्या रचल्या. सातवी हातातून निसटली, तेव्हा “तिकडे घरंगळली!” असे ओरडून ती तिच्यापर्यंत पोहोचवली ती कच्च्या लिंबाने.

कच्च्या लिंबाला केवळ सोबतीपुरते घेऊ नये. त्याच्यावर राज्य येत नाही हे खरे, पण लांब गेलेली ठिकरी शोधून आणण्याचे काम त्याच्याकडे नेमून द्यावे, म्हणजे गटाला त्याची गरज भासते आणि त्यालाही ते कळते.

मोठ्यांनी कट्ट्यावर बसावे आणि गप्प बसावे. हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला नाही, हे मी अनुभवाने सांगतो. चेंडू लागला की नाही, यावर वाद होणारच. तो दोन्ही कॅप्टननी मिळून मिटवावा आणि एका मिनिटात मिटला नाही तर तो डाव पुन्हा खेळवावा. मोठ्यांनी निवाडा दिला की पुढचा प्रत्येक वाद त्यांच्याकडेच येतो आणि रडीचा डाव खेळणाऱ्याला आयतेच न्यायालय मिळते. इजा होण्याची शक्यता असेल किंवा एखाद्याला हेरून मुद्दाम जोरात मारले जात असेल, तरच मध्ये पडावे.

खेळताना काढलेले स्वेटर घाम टिपून लगेच चढवायला लावावेत. अंधार पडण्यापूर्वी शेवटच्या दोन्ही कॅप्टननी सातही ठिकऱ्या मोजून जिन्याखाली ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या डावाची चिठ्ठी तिथेच काढावी.