उपग्रहातून छोटे सागरी भोवरे शोधताना या चुका टाळा

कोकणासमोर १० किलोमीटर त्रिज्येचा भोवरा शोधायचा आणि त्यासाठी ०.२५ अंशांच्या ग्रिडचा (चौकोनांच्या जाळीचा) रोजचा समुद्रपातळी नकाशा उघडायचा, इथेच पहिली चूक होते. ग्रिडचा चौकोन सुमारे २७ किलोमीटरचा असला, तरी जुन्या अल्टिमीटरच्या (समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या उपग्रहांच्या) वाटा विरळ असल्याने त्यात नीट उमटतात ते शंभर-दोनशे किलोमीटरचे भोवरेच. ग्रिड बारीक करून छोटा भोवरा मिळत नाही.

त्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या 'स्वॉट' या समुद्राची उंची रुंद पट्ट्यांत मोजणाऱ्या उपग्रहाचा डेटा घ्या. त्याचे पट्टे दोन, प्रत्येकी ५० किलोमीटर रुंद, मधे २० किलोमीटरची फट. ती इंटरपोलेशनने, म्हणजे आजूबाजूच्या मोजमापांवरून अंदाजाने, भरली, तर तिथला भोवरा मोजणीत धरू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो कच्च्या उंचीच्या उतारावरून थेट प्रवाह काढताना. २ किलोमीटरच्या ग्रिडवर शेजारच्या दोन बिंदूंत नुसता १ सेंटीमीटरचा गोंगाट (मोजमापातली चूक) असला, तरी मुंबईच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे १ मीटरचा खोटा प्रवाह निघतो! भ्रमिलता (पाणी किती गरगरते त्याचे माप) काढताना तर उंचीचे दोनदा अवकलन होते, म्हणजे उताराचाही उतार काढला जातो, त्यामुळे गोंगाट आणखी फुगतो. म्हणून आधी फिल्टर लावून गोंगाट कमी करा, मग उतार काढा. फिल्टरची रुंदी नोंदवा आणि त्याहून लहान भोवरे सरळ गाळा. काही खरे भोवरेही जातील, पण खोटे मोजण्यापेक्षा ते परवडते.

समुद्रपातळीचा उतार आणि पृथ्वीचे फिरणे यांवरून प्रवाह काढणारे जिओस्ट्रॉफिक सूत्रही इथे फसवते, कारण ते वळणाचे केंद्रोत्सारी बल धरत नाही. त्याच अक्षांशावर, १० किलोमीटर त्रिज्येच्या चक्रवाती (उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या) भोवऱ्यात खरा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर हे सूत्र जवळपास दुप्पट सांगते. वक्रतेची दुरुस्ती कराच.

भरती-ओहोटीने उठणाऱ्या अंतर्गत (पाण्याखालच्या) लाटाही उंचीत उमटतात. समांतर पट्टे दिसले तर थांबा आणि त्याच दिवसाच्या क्लोरोफिलच्या (सूक्ष्म शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या) उपग्रह चित्रात गोल वळण आहे का ते पाहा. 'स्वॉट' त्याच वाटेवर २१ दिवसांनी येतो. छोटे भोवरे बहुधा त्याआधीच विरतात, म्हणून दोन फेऱ्यांतली वर्तुळे एकच समजून जोडू नका.

समुद्राच्या तापमानाची चित्रे वापरताना उपग्रहाच्या रात्रीच्या फेऱ्या घ्या, कारण वारा पडलेल्या दुपारी वरची पातळ त्वचा एक-दोन अंशांनी तापते आणि खालचा भोवरा झाकला जातो. ढगांच्या मास्कभोवती (ढग म्हणून वगळलेल्या भागाभोवती) आणखी दोन-तीन पिक्सेल काढा, नाहीतर ढगाची कड भोवऱ्याची सीमारेषा म्हणून मोजली जाते.

पावसाळ्यात ढगांमुळे रडारकडे वळावे लागते. पण वारा सेकंदाला सुमारे ७ मीटरच्या वर गेला की भोवरा दाखवणाऱ्या तवंगाच्या रेषा फुटतात. अशा दिवशी 'भोवरा नाही' असे लिहू नका. 'वाऱ्यामुळे तपासता आले नाही' असे लिहा.