पिल्लू चावतंय? आधी घड्याळ बघा

आमच्या ठाण्यात, नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात भुंग्या आला तेव्हा तो नऊ आठवड्यांचा होता. पहिल्या पंधरा दिवसांत त्यानं पायपुसण्याचे दोन कोपरे, सासूबाईंच्या पातळाचा काठ, माझी एक कोल्हापुरी (डावी) आणि मोबाइलच्या चार्जरची वायर एवढं संपवलं. वायरीचा प्लग नशिबानं काढलेला होता. वस्तूंचं एक वेळ जाऊ दे, पण संध्याकाळी मी दारात चपला काढेपर्यंत हा पोटऱ्यांना लोंबकळलेला असायचा.

सल्ले भरपूर मिळाले. नाकावर टिचकी मार, जबडा दाबून धर, पेपरची सुरळी दाखव. टिचकी एकदा मारून पाहिली. पुढच्या वेळी माझा हात नुसता जवळ आला तरी त्यानं आधीच दात लावून ठेवले. मारलं किंवा जबडा दाबला की पिल्लू चावायचं थांबत नाही, हाताला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेलं कुत्रं पुढे खरंच चावतं.

मुळात कुरतडणं आणि चावणं हे एकच दुखणं समजून आपण फसतो. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात, म्हणून पिल्लू खुर्चीचा पायही चघळतं. पण दोन महिन्यांचं पिल्लू हाताला लोंबकळतं ते दात पडतात म्हणून नव्हे, ते खेळत असतं. भावंडांत असताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ मोडतो. जोर किती लावायचा हे ते तिथंच शिकतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला आपल्याकडे कायद्यानं मनाई आहे, त्यामागे हेही एक कारण म्हणता येईल. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू घरी आलं असेल तर हा धडा तुम्हालाच द्यावा लागतो.

तीन दिवस नोंद करा

पिल्लू अंगाला दात लावेल तेव्हा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची, एवढंच. आमच्या जवळपास सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊमधल्या निघाल्या. मी लोकलमधून उतरून घरी येते ती हीच वेळ. लेक क्लासवरून येते, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, शेजारची मुलं ‘भुंग्याला बघायला’ हजर. आणि भुंग्या दुपारी चारपासून टक्क जागा. या वयाच्या पिल्लाला दिवसातून अठरा ते वीस तास झोप लागते. झोप अपुरी झाली की ते आपणहून कोपऱ्यात जाऊन झोपत नाही. लहान मुलासारखं पिरपिरं होतं, घरभर उधळतं आणि दिसेल त्याला दात लावतं.

म्हणून शिकवणीच्या आधी झोप लावा. साडेपाच ते सात आतल्या खोलीत, क्रेटवर (पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यावर) जुनी चादर टाकून, पंखा चालू, दार लोटलेलं. पहिले दोन दिवस कुरकुर झाली. आठवडाभरात पोटऱ्यांची बरीचशी सुटका झाली, तीही काही न शिकवता. साधारण तासभर जागं राहिलं की पिल्लाला पुन्हा झोपेला न्यायचं, हा हिशेब आम्हाला पुढे बरेच दिवस पुरला.

दात लागला की

हात झटकन ओढू नका. पळणारी वस्तू पकडायचीच असते, हे पिल्लाला कुणी शिकवावं लागत नाही. हात सैल सोडा, काही न बोलता उठा आणि दाराला आडव्या लावलेल्या फळीपलीकडे जा. वीस-तीस सेकंदांनी परत या, बसा आणि हाताऐवजी खेळणं पुढे करा. पुन्हा चावलं तर पुन्हा उठा. तिसऱ्यांदा तेच झालं तर पिल्लू दमलंय असं समजा आणि झोपवा.

‘आई गं’ असं मोठ्यानं ओरडावं असंही सांगतात. काही पिल्लं त्यानं थबकतात. भुंग्याला मात्र चेव यायचा, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

खेळणं लांब असू द्या, निदान हातभर. एका टोकाला त्याचे दात, दुसऱ्या टोकाला तुमचा हात, मध्ये भरपूर अंतर. ओढाताण खेळता खेळता ‘सोड’ शिकवता येतं: नाकासमोर खाण्याचा दाणा धरायचा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणायचं, दाणा द्यायचा आणि खेळणं परत त्याच्याकडे. दिलेली वस्तू परत मिळते हे कळलं की पिल्लू पळवलेला मोजा घेऊन पलंगाखाली दडत नाही.

मुलांना सांगा, पिल्लू अंगावर आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही. हाताची घडी घालून झाडासारखं उभं राहायचं. खरी अडचण मोठ्यांची असते. आमच्याकडे नवरा हातानं कुस्ती खेळायचा आणि ‘मला नाही लागत’ म्हणायचा. त्याला लागत नव्हतं, सासूबाईंच्या पातळ कातडीला लागत होतं. हात हे खेळणं नाही, हा नियम घरात सगळ्यांना सारखा हवा. एकानं मोडला तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते.

लसी पूर्ण होईपर्यंत पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीनं पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही, त्यामुळे अंगातली रग घरातच जिरवावी लागते. जेवणातले मूठभर दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून हुंगत शोधायला लावा. दहा मिनिटांत पिल्लू दमतं. भुंग्याला आम्ही झोळीत घालून तलावपाळीवर फिरवायचो. जमिनीला पाय नाही, पण रिक्षा, फुगेवाले, घोडागाडीच्या आठवणी सांगणारे आजोबा सगळं बघून घरी आला की गाढ झोपायचा.

हिरड्यांसाठी

सगळ्यात स्वस्त आणि सरस उपाय म्हणजे जुना सुती पंचा. ओला करून पिळायचा, गाठ मारायची, फ्रीझरमध्ये ठेवायचा. हिरडीला गार लागतं आणि चघळायलाही मिळतं. मऊ पडला की काढून घ्या, फाटायला लागला की फेकून द्या. जांभळी नाक्यावरून आणलेलं जाड गाजर गार करून अख्खंच द्यायचं, आणि समोर बसून. छोटा तुकडा घशात अडकतो.

विकतच्या चघळण्याच्या वस्तूला अंगठ्याचं नख दाबून बघा. नखाची खूण उमटत नसेल तर ती इतकी कडक आहे की दात तुटेल. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या चिरफळ्या होतात. नारळाची शेंडी पिल्लांना फार आवडते, पण तिचे धागे पोटात जातात. जुनी चप्पलही नको. जुनी कोणती आणि परवा घेतलेली कोणती, हे त्याला कळत नाही. बाळांच्या हिरड्यांना लावायचं जेल, लवंगेचं तेल, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन यातलं काहीही देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात.

मग एकदा स्वतः फरशीवर बसून घर बघा. टीव्हीमागच्या वायरी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, बाल्कनीतला मनी प्लांट (तोंडाची आग होते) आणि कण्हेर (थेट हृदयावर परिणाम करते), दाराबाहेरचा चपलांचा रॅक. हे सगळं उचलायला आम्हाला एक रविवार लागला.

रक्त आलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून टाळू नका. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनंतर मिळते, त्याआधी तिचं संरक्षण नसतं. वर हळद किंवा चुना लावू नका.

पडलेले दात बहुधा सापडत नाहीत. पिल्लू गिळून टाकतं आणि त्यानं काही होत नाही. चघळलेल्या पंचावर रक्ताचा ठिपका दिसला तरी घाबरू नका. मात्र पिल्लू खायचं थांबलं किंवा तोंडाला घाण वास सुटला तर पशुवैद्यांकडे न्या. सहाव्या महिन्यात तोंड उघडून सुळे नीट बघा. पक्क्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा असेल, आणि पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत असं बऱ्याचदा होतं, तर तो काढावा लागतो. पुष्कळदा नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत तो काढतात, तेव्हा तारीख ठरवायच्या आधीच डॉक्टरांना दाखवून ठेवा.