जुन्या जोडीत नवा गिनीपिग आणताना

गिनीपिग हा कळपाचा प्राणी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात त्यांचे रानटी भाईबंद आजही लहान लहान गटांतच राहतात. स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांनी गिनीपिग एकटा ठेवायला मनाई केली, ती याच कारणाने. पण सोबत हवी म्हणून दुकानातून नवा प्राणी आणून थेट पिंजऱ्यात सोडला, तर जुन्यांच्या लेखी तो घुसखोर असतो. दुसरी चूक जास्त प्रेमळ दिसते आणि जास्त नुकसान करते: रोज पंधरा मिनिटे भेटवायचे आणि कुरबुर झाली की वेगळे करायचे. गटात कोण वरचढ आणि कोण पडती बाजू घेणार, हे त्यांना एकदाच आणि सलग ठरवायचे असते. मध्येच उचलले की निकाल अर्धवट राहतो आणि दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

इथे उदाहरण धरले आहे ते फ्लॅटमधल्या दोन माद्यांचे, ज्यांच्यात तिसरी मादी आणायची आहे. नरांची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

सगळ्यात आधी नवी मादी खरोखर मादीच आहे ना, हे पाहा. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका; पिल्लांच्या बाबतीत ही गफलत नेहमी होते. पिल्लू उताणे न करता मांडीवर उभे धरून पुढून आधार द्या आणि मागच्या भागावर, मूत्रद्वाराच्या किंचित वर, बोटाने अगदी हलका दाब द्या. नर असेल तर लिंग बाहेर येते. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी घडी दिसते. शंका राहिली तर पशुवैद्याकडून तपासून घ्या. नर 3 आठवड्यांचा झाला की प्रजननक्षम होऊ शकतो आणि मादी साधारण चौथ्या आठवड्यापासून गाभण राहू शकते, त्यामुळे इथली चूक महाग पडते. दुकानात नर-माद्या एकत्र ठेवल्या असतील तर आणलेली मादी आधीच गाभण असण्याची शक्यता धरून चाला. गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा असतो. पोट गोलसर वाटत असेल, वजन भराभर वाढत असेल, तर ओळख करून देणे थांबवा. शेवटच्या आठवड्यांत तिला कोणाशीही झगडायला लावू नये.

शक्य असेल तर एकाऐवजी दोन बहिणी आणाव्यात, असे आमचे मत आहे. कारण पुढची पायरी म्हणजे विलगीकरण, आणि लहान पिल्लाला तीन आठवडे एकटे ठेवणे त्याच्यासाठी फार जड जाते.

विलगीकरण किमान दोन आठवडे, तीन केले तर उत्तम, आणि तेही वेगळ्या खोलीत. एकाच खोलीत दोन पिंजरे शेजारी ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे. शिंकेतून पसरणारा बोर्डेटेला हा जिवाणू गिनीपिगांत न्यूमोनिया करतो, तर सशांत आणि कुत्र्यांत लक्षणे न दाखवता राहू शकतो. त्यामुळे घरात ससा असेल तर नव्या पाहुणीला त्याच्याजवळ ठेवू नका. या काळात तीन गोष्टींवर नजर ठेवा. डोळे, नाक, कानांभोवती केस जाऊन खपल्या धरल्या तर गजकर्णाची शंका घ्या. तो माणसांनाही होतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लवकर पसरतो. प्राणी सतत खाजवत असेल, पाठीवर हात लागताच ओरडत असेल, तर कातडीत पोखरणारे किडे असू शकतात. खाज इतकी वाढते की झटकेही येतात. केसांच्या मुळाशी हलणारे बारीक पांढरट ठिपके म्हणजे उवा. या सगळ्यांवर वजनाप्रमाणे मोजून औषध द्यावे लागते, आणि ते पशुवैद्यच देऊ शकतात. जुन्यांना आधी हात लावायचा, नवीला नंतर, मग हात धुवायचे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिघींची वजने आठवड्यातून दोनदा लिहून ठेवा. पुढे हीच वही कामाला येते.

भेटीसाठी जागा निवडताना एकच कसोटी: ती कोणाचीच नसावी. जुन्या दोघी फिरतात तो हॉल नको. कधी न वापरलेला कोपरा घ्या आणि पुठ्ठ्याच्या किंवा जाळीच्या भिंतींनी किमान 5 फूट बाय 4 फूट घेरा. भिंत दीड फूट उंच असली की पुरते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि घसरलेला प्राणी घाबरून चावतो, म्हणून खाली जुनी चादर किंवा फ्लीसचे कापड अंथरा. एकच तोंड असलेले घर आत ठेवू नका. त्यात एकजण कोपऱ्यात अडकते, दुसरी दार अडवते, आणि साधी कुरबुर चाव्यावर जाते. दोन्ही बाजू कापलेली खोकी किंवा खालून मोकळे बुटके स्टूल चालते: आडोसा मिळतो, पळायची वाटही राहते.

वाळलेल्या गवताचे ढीग तीन प्राण्यांसाठी चार हवेत, एकमेकांपासून लांब. टिमथी गवत मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर फवारणी न झालेली हरळी उत्तम. लसूणघास मात्र मोठ्या माद्यांना नको. त्यात कॅल्शियम भरपूर असते, खडे होण्याची भीती असते, म्हणून तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीलाच ठेवावा. कोथिंबीर, ढोबळी मिरचीचे तुकडे, मक्याच्या कणसाची हिरवी साले सगळीकडे विखरून टाका. एका ताटलीत ठेवलीत तर ताटलीवरून भांडण ठरलेले. पाण्याच्या बाटल्या किमान दोन, समोरासमोरच्या टोकांना.

दिवस असा निवडा की कोणीतरी सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत घरी असेल. विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिल-मे यासाठी नकोच. 27 अंशांच्या वर गिनीपिगाला उष्माघाताचा धोका वाढू लागतो, आणि पळापळीत अंग आणखी तापते. दिवाळीचे फटाक्यांचे दिवसही टाळा.

आधी नवीला जागेत सोडा. दहा-पंधरा मिनिटे तिला भिंती हुंगू द्या, खाऊ द्या. मग जुन्या दोघींना एकदमच आणा. एकेक करून आणलेत तर मागाहून येणारीला पुन्हा नवे नाते ठरवावे लागते. त्यानंतर तुमचे काम म्हणजे शांत बसणे, आणि हेच सगळ्यात अवघड आहे.

पहिल्या तासात जे दिसते ते पाहणाऱ्याचा जीव खालीवर करते, पण त्यातले बहुतेक सगळे कळपाच्या रीतीतले असते. मागचा भाग हुंगणे, पाठलाग, घुर्र घुर्र आवाज काढत कंबर डोलवत संथ चालणे, पाठीवर चढणे. माद्याही पाठीवर चढतात. त्याचा अर्थ फक्त 'मी मोठी' एवढाच. दोघी समोरासमोर येऊन नाक वर, आणखी वर करतात तेव्हा ज्या मादीचे नाक आधी खाली येते ती हरली. पाठलाग नकोसा झालेली मादी मागे मूत्राची पिचकारी मारते. केसांचा एखादा पुंजका तोंडात आला तरी घाबरू नका.

नवी लहान असेल तर ती कर्कश ओरडेल, कोणी नुसते जवळ आले तरी. ऐकणाऱ्याला वाटते की तिला फाडून खाताहेत. ते ओरडणे म्हणजे 'सोड, मी तुझ्या वरचढ नाही' असे सांगणे असते, आणि ते ऐकूनच मोठी थांबते. अशा वेळी तिला उचलले तर मोठीला उत्तर मिळत नाही, आणि लहानगी शिकते की ओरडले की वरून हात येतो. रक्त आहे का ते पाहा. नसेल तर बसून राहा.

दात कटकटवणे ही धमकी असते. एकदोनदा होऊन दोघी आपापल्या वाटेने गेल्या तर ठीक. खूप मोठी जांभई देऊन दात दाखवणे हाही इशाराच. धोका ओळखायचा तो लक्षणे एकत्र आल्यावर: मानेवरचे केस फुललेले, दातांची कटकट न थांबता चढत जाणारी, दोघी समोरासमोर ताठ उभ्या, पाय जागच्या जागी खालीवर होत असलेले, आणि कोणीच नजर किंवा नाक खाली घेत नाही. पुढे तोंडावर झेप येते. या क्षणी मध्ये पुठ्ठा सरकवा आणि दोघींची नजर तोडा. बऱ्याचदा तेवढ्याने भागते आणि दोघी गवताकडे वळतात.

एकमेकींना चावे घेत गोळा होऊन लोळू लागल्या तर मात्र लगेच वेगळे करायचे. उघडा हात घालू नका. त्या क्षणी तुमचा हात ओळखण्याच्या स्थितीत त्या नसतात, आणि पुढचे दात बोटात खोल जातात. जाड टॉवेल अंगावर टाका आणि केर भरायची सुपली मध्ये घाला. रक्त निघाले असेल तर त्या दिवशीची भेट संपली. जखम कोमट मीठ-पाण्याने पुसून पुढचे आठ-दहा दिवस रोज बोटाने चाचपा. गिनीपिगाची कातडी वरून लवकर मिटते आणि आत पू साचून गळू होते. घरात उरलेले माणसांचे प्रतिजैविक कधीही देऊ नका. तोंडावाटे दिलेले ॲमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिन गटातले औषध त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि प्राणी दगावतो.

सगळे नीट चालले असेल तर दोन-तीन तासांनी लय बदलते. पाठलाग तुटक होतो, दोघी एकाच ढिगातून खातात, एखादी पाय पसरून पडते, अंग चाटते. गवतातून लाही फुटावी तशी कोणी उडी मारली तर ती आनंदाची खूण. पण लगेच आवरायला घेऊ नका. किमान पाच-सहा तास त्यांना तिथेच राहू द्या. दमून पडणे आणि निवांत होणे यातला फरक दुसऱ्या डुलकीनंतर कळतो.

दरम्यान जुना पिंजरा पूर्ण रिकामा करा. अर्धे पांढरे व्हिनेगर, अर्धे पाणी घालून पुसला की मूत्राचे पांढरे थर आणि बराचसा वास जातो. कापड धुतलेले, घरे नव्या जागी, मांडणी बदललेली. जुन्या दोघींनाही तो परका वाटला पाहिजे. तिघींसाठी किमान 5 फूट बाय अडीच फुटांची सपाट जागा लागते. दुकानात मिळणारे दोन फुटांचे पिंजरे एकालाही अपुरे आहेत, आणि नीट जमलेले गट मोडण्याचे सर्वांत मोठे कारण जागेची टंचाई हेच. वरचा मजला जोडला तरी तळाची जागा कमी करू नका. संध्याकाळी तिघींना एकदमच आत सोडा. त्या रात्री आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर झोपा.

पुढचे दोन आठवडे अधूनमधून पाठलाग चालतो. पहिले काही दिवस पाहायचे ते एवढेच, की नवीला खायला-प्यायला मिळते ना. वही काढा: आठवड्यात 50 ग्रॅमहून जास्त वजन उतरले तर तिला गवतापासून हाकलले जात आहे किंवा ती आजारी आहे. साधारण 15 ते 17 दिवसांनी एखादी मादी माजावर आली की घुरघुर आणि पाठीवर चढणे पुन्हा उसळते. गट मोडला असे समजून वेगळे करण्याची चूक इथे बरेच जण करतात. एका दिवसात ते ओसरते.

नरांबद्दल. दोन नर छान राहतात. तीन किंवा जास्त नरांचा गट आम्ही कोणालाही सुचवणार नाही. प्रौढ, शांत नर आणि 6 ते 8 आठवड्यांचे नर पिल्लू ही जोडी सहसा सुरळीत जमते, पण पिल्लू वयात आल्यापासून ते सव्वा वर्षाचे होईपर्यंत अधूनमधून तणातणी राहते. त्यांना जागा माद्यांपेक्षा जास्त द्या, प्रत्येक वस्तू दोन-दोन ठेवा, आणि त्याच खोलीत मादी ठेवू नका. भांडण थांबावे म्हणून दोघांची नसबंदी करण्याचा फारसा उपयोग होत नाही. नसबंदी उपयोगी पडते ती नराला माद्यांत ठेवण्यासाठी. एक नसबंदी केलेला नर आणि दोन-तीन माद्या हा सगळ्यात स्थिर कुटुंबाचा प्रकार. मात्र शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे थांबायचेच, कारण तोवर तो पिल्ले देऊ शकतो.

व्हॅनिला चोळणे, अत्तर लावणे, सगळ्यांना एका टबात आंघोळ घालणे हे उपाय कुणी सुचवले तर करू नका. भिजलेले प्राणी भीतीने एकमेकांना बिलगतात, ती मैत्री नव्हे. अंग सुकले की राहिलेला प्रश्न तसाच समोर येतो, वर सर्दी मिळते.

दोनदा मनापासून प्रयत्न करूनही रक्तच निघत असेल तर त्या दोघी एकमेकींसाठी नाहीत. पिंजऱ्याच्या मध्ये पक्की जाळी बांधा. तिची भोके एक इंचापेक्षा लहान हवीत, नाहीतर पिल्लाचे डोके अडकते. दोन्ही बाजूंचे गवत जाळीला लागून ठेवा, म्हणजे खाताना त्या शेजारी बसतील. एकमेकींचा वास, आवाज आणि ऊब एवढी सोबत त्यातूनही मिळते. जाळी झाकणाच्या उंचीची असू द्या. चिडलेली मादी फूटभर भिंत सहज चढून जाते.