वाडीत गे म्हणून ताठ मानेनं राहायचं तर

गणपतीत मुंबईकर चाकरमानी आले की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "काय रे, लाडू कधी?" उत्तर आधीच ठरवून ठेव. "बघू" किंवा "नोकरी पक्की होऊ दे" म्हणू नकोस. घरच्यांना तो होकारच वाटतो आणि शिमग्यापर्यंत तुझी पत्रिका चार घरी फिरून येते. "मुंबईत एक मुलगी आहे" ही थापही नको. तिचा फोटो, आडनाव, गाव, जात सगळं विचारलं जाईल. सरळ सांग, "मला लग्न करायचं नाही. माझी पत्रिका कुणाला देऊ नका." स्थळं आणणाऱ्या आत्याला किंवा काकूला बाजूला घेऊन हेच वाक्य, शब्द न बदलता, पुन्हा सांग. कारण देण्याचं बंधन तुझ्यावर नाही. दबावाखाली एखाद्या मुलीशी लग्न मात्र कधीच करू नकोस. तिचं आयुष्य तिला अंधारात ठेवून पणाला लागतं, ते अन्यायाचं आहे.

गे असल्याचं कुणालाही न सांगता घरातल्या चौकटी हलवता येतात. सुरुवात स्वयंपाकघरातून कर. पुरुष ओटीवर पत्ते कुटत बसतात, बायका पहाटेपासून चुलीपाशी असतात. तू मोदकांना बस, पण काम नीट शिकून. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी; त्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. उकळी फुटली की पीठ घालून ढवळ, झाकून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ काढ, मग गॅस बंद करून पाच-दहा मिनिटं तसंच ठेव. उकड गरम असतानाच हाताला तेल-पाणी लावून मळ. गार झाल्यावर मळलीस तर गुठळ्या राहतात आणि कळ्या काढताना पारी फाटते. हात बसला की "हे बायकांचं काम" हे वाक्य त्या घरात तरी विरळ होतं.

"बायल्या" म्हणून कुणी हिणवलं तर आवाज न चढवता तिथल्या तिथे म्हण, "मोदक करतोय. तूही ये." चालण्याबोलण्यावरून टिंगल झाली तर दशावताराची आठवण करून दे. पुरुषानं लुगडं नेसून उभी केलेली राणी हीच माणसं रात्रभर जागून बघतात. वाडीच्या क्रिकेट ग्रुपवर घाणेरडा विनोद आला तर "असले विनोद इथे नकोत" एवढंच लिही. पुढे वाद घालू नकोस, ॲडमिनशी फोनवर बोल. त्या ग्रुपात तुझ्यासारखा आणखी कुणी गप्प बसलेला असू शकतो. त्याला ही एक ओळ दिसणं फार मोलाचं आहे.

घरी सांगायचं ठरवलंस तर गणपती आणि शिमगा टाळ. घर भरलेलं असतं, काहींनी घेतलेली असते, आणि बिनसलं तर कोकण रेल्वेत रिझर्व्हेशन मिळत नाही. आधी आधार कार्ड, मार्कशीट आणि पासबुक हाताशी ठेव, महिनाभराचा खर्च बाजूला काढ, चिपळूण-रत्नागिरीत किंवा मुंबईत एक दार पक्कं कर. मग एकाच माणसाला सांग. बहुतेकदा बहीण नाहीतर मामी बरी. शिक्षणाचा खर्च वडिलांकडून येत असेल तर थांब. थांबणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

काही घरांतून यावर भगत नाहीतर डॉक्टर शोधला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ती 'बरी करण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. हे डॉक्टरसमोर, घरच्यांच्या देखत बोल. मन फार खचलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक मराठीतही चालतो.

डेटिंग ॲपवर अंतर दाखवणारी सेटिंग बंद कर. छोट्या गावात 'तीनशे मीटर' म्हणजे घरच कळतं. कुणी "पैसे दे, नाहीतर पोलिसांत देतो" म्हणालं तर एक रुपयाही देऊ नकोस, नाहीतर तो पुन्हा येतो. चॅट न पुसता स्क्रीनशॉट ठेव आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार कर. दोन सज्ञान पुरुषांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नकार दिला. पण जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. शाखेत कुणी अडवलं तर त्या सूचनेची प्रत दाखव आणि नकार लेखी माग.