एक कांदा, अनेक अर्थशास्त्रे: महाविद्यालयात बहुविचारी अभ्यासगट कसा चालवावा

अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात मागणी आणि पुरवठ्याचे वक्र पहिल्याच सत्रात फळ्यावर येतात आणि तीन वर्षे तिथून हलत नाहीत. मार्क्स, केन्स, संस्थावादी विचारवंत यांची गाठ पडते ती आर्थिक विचारांच्या इतिहासाच्या पेपरात, तीही टिपा लिहिण्यापुरती. त्यामुळे हे सारे विचार कधीतरी होऊन गेले आणि आजचा भाव समजून घ्यायला एकच पद्धत उरली आहे, असे विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटू लागते. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला एक विचारप्रवाह अशी व्याख्यानमाला ठेवली जाते. माझ्या अनुभवात तिने फारसे काही साधत नाही, कारण विद्यार्थी आणखी सात नावे पाठ करतात आणि विचार करण्याची सवय आहे तशीच राहते. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्यावा, तो सहा-सात बैठका सोडू नये आणि प्रत्येक विचारप्रवाहाला त्याच प्रश्नाचे उत्तर मागावे.

प्रश्नाची निवड घाईने करू नये. तो आपल्या जिल्ह्यातला असावा, त्याची आकडेवारी हाती लागण्याजोगी असावी आणि गटातल्या मुलामुलींच्या घरी त्याविषयी खरोखर वेगवेगळी मते असावीत. विदर्भात कापूस, कोल्हापूर-सांगलीत ऊस, गोव्यात खाणबंदी आणि शहरात घरकामगारांचे वेतन हे विषय चांगले चालतात. येथे मी नाशिक जिल्ह्यातला कांदा घेतो, कारण लासलगावच्या लिलावात भाव कोसळला की निफाड तालुक्यातला शेतकरी आणि मुंबईतली गृहिणी एकाच बातमीकडे अगदी उलट नजरेने पाहतात.

पहिल्या बैठकीत कोणत्याही विचारप्रवाहाचे नाव काढू नये. त्या बैठकीत सर्वांनी मिळून दोन पानांचे तथ्यपत्रक तयार करावे. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मात्र चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) काही महिने राहतो, जरी त्यात सड आणि घट होत असली तरी. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, 8 डिसेंबर 2023 पासून निर्यात बंद केली आणि ती मे 2024 मध्ये अटींसह पुन्हा खुली केली. बाजार समितीतील रोजचे किमान, कमाल आणि सरासरी भाव क्विंटलमागे मिळतात; त्यांचा एक वर्षाचा तक्ता हाताने काढावा. या पत्रकावर सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण नंतरच्या वादात कोणते मतभेद तथ्यांचे आहेत आणि कोणते दृष्टीचे आहेत हे त्यामुळेच वेगळे काढता येते.

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या टाकून विचारप्रवाह वाटून द्यावेत. आवडीनुसार वाटले तर प्रत्येक जण आपल्या जुन्या मताचेच वकीलपत्र घेतो. गट आठ ते बारा जणांचा असावा आणि एका प्रवाहाला दोघे असावेत. येथे एक नियम कडकपणे पाळावा लागतो: मांडणी अशी झाली पाहिजे की त्या प्रवाहाचा खरा अनुयायी ती ऐकून म्हणेल, होय, मला हेच म्हणायचे आहे. टीका त्यानंतर. या शिस्तीचे एक उदाहरण मी दरवर्षी मुलांना सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध 1923 मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत हे स्पष्ट नोंदवले. मात्र जिथे हा लेखक चुकला असे वाटते तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आहे, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने लिहिले. मतभेद असूनही पुस्तकाच्या पाठीशी उभे राहणे कसे असते, हे मुलांना यातून चटकन कळते.

आता मांडणीकडे येऊ. नवसनातनवादी (म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या वक्रांचे प्रचलित पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र मांडणारी) जोडी सांगेल की कांद्याची मागणी अलवचीक असते, म्हणजे भाव बदलला तरी ती फारशी बदलत नाही, म्हणून पुरवठ्यातला थोडा फरकही भाव फार हलवतो. शेतकरी गेल्या हंगामाचा भाव पाहून लागवड ठरवतात, म्हणून तेजीनंतर मंदी येते. आणि निर्यातबंदी आजच्या ग्राहकाला दिलासा देऊन पुढच्या वर्षीची लागवड घटवते. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक यांच्या मार्गाने जाणारी जोडी म्हणेल की भाव हा हजारो लोकांजवळ विखुरलेल्या माहितीचा निरोप असतो आणि सरकारने तो मध्येच अडवला की कोणालाच काही कळेनासे होते. संस्थावादी जोडीचा प्रश्न निराळा असेल: लिलावात प्रत्यक्ष बोली लावणारे व्यापारी किती, त्यांना परवाना कोण देतो, 1963 च्या बाजार समिती कायद्याने कोणाचे हात बळकट केले? मार्क्सवादी जोडी विचारेल की चाळ, भांडवल आणि थांबण्याची ताकद कोणाकडे आहे. केन्सवादी जोडी गावातल्या घटलेल्या खरेदीकडे आणि पर्यावरणवादी जोडी विहिरीच्या पातळीकडे लक्ष वेधेल.

इथवर बहुतेक गट पोहोचतात. खरे काम यापुढे आहे. प्रत्येक दोन प्रवाहांची वाट नेमकी कुठे फुटते ती जागा शोधावी आणि तिथे तपासता येईल असा प्रश्न रचावा. शेतकरी मे महिन्यात पडत्या भावाने कांदा का विकतो, हा असा एक प्रश्न आहे. नवसनातनवादी उत्तर असे, की पुढे भाव वाढेल असे त्याला वाटत नाही आणि साठवणुकीतली घट परवडत नाही. मार्क्सवादी उत्तर असे, की त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, कृषी सेवा केंद्राची उधारी आहे, आणि थांबणे त्याच्या हाती नाही. आता चाळ असूनही मे महिन्यात कांदा विकलेल्या दहा-पंधरा शेतकऱ्यांकडे जावे आणि पैसे कोणाला, किती दिवसांत द्यायचे होते, हे विचारावे. उत्तर बहुधा मिश्र येते. पण कोणत्या घरासाठी कोणते स्पष्टीकरण लागू पडते हे मुले स्वतः सांगू लागतात, आणि ‘माझी विचारधारा’ हा शब्द चर्चेतून हळूहळू कमी होतो.

बाजार समितीची भेट याच टप्प्यावर ठेवावी, सकाळच्या लिलावाला. शेतकऱ्याच्या परवानगीने त्याची हिशोबपट्टी पाहावी. वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने खाली खाली वाचत गेले की पुस्तकातला ‘विनिमय खर्च’, म्हणजे सौदा पार पाडण्यासाठीच होणारा खर्च, डोळ्यांसमोर येतो. हमालांशीही बोलावे, हमालांच्या कामाचे आणि कल्याणाचे नियमन करणारा 1969 चा माथाडी कायदा बाजाराने केला की संघटनेने, हा प्रश्न तिथे आपोआप निघतो.

एका भेटीनंतर आमच्या गटातल्या एका मुलीने विचारले की चाळीत बसून कांदा निवडणाऱ्या, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढणाऱ्या बायका आपल्या एकाही तक्त्यात का नाहीत. घरच्या बाईची ती मजुरी कोणत्याच खर्चात धरलेली नव्हती. स्त्रीवादी अर्थशास्त्र तोवर आमच्या यादीत शेवटी होते. त्या दिवसापासून मी ते पहिल्या तिघांत ठेवतो. त्याच चर्चेत सातबाऱ्यावर नाव कोणाचे हा मुद्दा येतो, आणि तेव्हा मुलांना सांगावे की पत्नीच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली ती खुल्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने. माणसे आपल्या चौकटीत पूर्ण मावत नाहीत, हे त्यांनी लवकर पाहिलेले बरे.

दोन धोक्यांपासून गटाला जपावे. एक म्हणजे प्रचलित पाठ्यपुस्तकाला शत्रू ठरवणे. तसे झाले की एका एकांगीपणाच्या जागी दुसरा येतो. दुसरा धोका अधिक गोड आहे: ‘सगळ्यांचेच थोडेथोडे खरे’ असे म्हणून वाद गुंडाळणे. कोणते म्हणणे कोणत्या पुराव्यापुढे टिकले नाही, हे दर बैठकीच्या शेवटी नावानिशी लिहून ठेवावे.

विभागप्रमुखांकडे प्रस्ताव नेताना अभ्यासक्रम बदलण्याची मागणी पुढे करू नये. ते काम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे आहे आणि त्याला वेळ लागतो. अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पात हे काम धरावे, एवढीच विनंती करावी. हे कुठले परके खूळ, अशी शंका आली तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये दिलेल्या व्याख्यानाची आठवण द्यावी: इंग्लंडात रचलेले अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकाल न पाहता हिंदुस्थानाला लावता येणार नाहीत, असे त्यांनी तिथे मांडले होते. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्राच्या एकसुरी अध्यापनाविरुद्ध निवेदन काढले ते 2000 मध्ये, म्हणजे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

शेवटच्या बैठकीत चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात आणि प्रत्येक जोडीने पूर्वी विरोध केलेल्या प्रवाहाच्या बाजूने एक पान लिहावे. ही पाने तथ्यपत्रकासह एका वहीत लावून विभागाच्या ग्रंथालयात ठेवावीत, म्हणजे पुढच्या जूनमधला गट तिथून सुरुवात करील आणि भावांच्या तक्त्यात आणखी एका वर्षाची ओळ भरील.