पावसाळी सल्ला: कोंबडीचा तळवा उलटून पाहा

मावळ-मुळशीच्या भातपट्ट्यात आषाढाची झड लागली की साधारण तीन आठवड्यांनी परसातील कोंबड्या लंगडू लागतात. हे माझे मोजमाप नव्हे, वर्षानुवर्षे पाहून बांधलेला अंदाज आहे. त्या वेळी पशुपालकांना वाटते की पाय आज मुरगळला. प्रत्यक्षात तळव्यातील गळू बऱ्याच दिवसांचे असते आणि या दिवसांत कोंबडीला उचलून तिचा तळवा कोणी पाहिलेला नसतो. दाणे टाकताना आपण तुरा पाहतो, पिसे पाहतो, अंडी मोजतो. पण पायाची खालची बाजू शेणामातीने माखलेली असते आणि ती पाहण्यासाठी पक्षी हातात घ्यावा लागतो. एवढ्या एका कंटाळ्यापायी चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

या रोगाला बंबलफूट म्हणतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू कातडीवर आणि खुराड्यात एरवीही असतो. त्याला आत शिरायला फक्त वाट हवी असते. ओल्या तुसावर सतत उभे राहून तळव्याची कातडी भिजते व मऊ पडते, आणि मग बाभळीचा काटा, तारेचे टोक, फोडलेल्या बांबूची धार किंवा उंच दांडीवरून मारलेली उडी ती वाट करून देते. गिरिराज, वनराज यांसारख्या भारी अंगाच्या जातींत आणि त्यातही कोंबड्यांपेक्षा कोंबड्यात, म्हणजे नरात, हा त्रास मला अधिक दिसतो. वजन तळव्यावरच येते, तेव्हा त्यात नवल नाही.

गेल्या श्रावणात एका शाळकरी मुलीची लाडकी कोंबडी पाहायला गेलो होतो. घरच्यांनी दुकानातून यकृताचे टॉनिक, कॅल्शियमची बाटली आणि पाण्यात मिसळायची प्रतिजैविकाची पूड आणली होती. आठवडाभर तिन्ही चालू होते आणि पाय सुजतच होता. कोंबडी मांडीवर घेऊन पाय धुतला, तर तळव्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी काळी, टणक खपली होती. भोवतालची कातडी तकतकीत, गरम होती आणि अंगठ्याने हलके दाबताच कोंबडीने पाय ओढून घेतला. तळवा पहिल्या दिवशी पाहिला असता तर ते पैसे वाचले असते. टॉनिकाने गळू बसत नाही आणि पाण्यातील पुडीचा अंश त्या घट्ट गळवाच्या आत पुरेसा पोहोचत नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

घट्ट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गाई-शेळीच्या गळवातील पू बहुधा पातळ असतो, फोडला की वाहून जातो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणाऱ्या विकरांची (एन्झाइमची) उणीव असल्याने कोंबडीचा पू पनीरासारखा आणि जुना झाल्यावर सुक्या खोबऱ्यासारखा गोठतो. म्हणून दाढीच्या पात्याने चिरा देऊन काही बाहेर येत नाही. उलट जवळच्या शिरेला किंवा स्नायूबंधाला इजा होते आणि जंतू हाडापर्यंत जातात.

तळवा पाहण्याची वेळ रात्रीची ठेवावी. पक्षी दांडीवर बसलेले असताना विजेरी घेऊन एकेकाला उचलावे, टॉवेलमध्ये गुंडाळावे आणि दोन्ही तळवे ओल्या फडक्याने पुसून पाहावेत. कोंबडीला माणसासारखा श्वासपटल नसल्याने छाती आवळली तर ती गुदमरते. पकड सैल असावी आणि पाय धरून उलटे लटकवू नये. पावसाळाभर हे आठवड्यातून एकदा करावे. दहा कोंबड्यांना अर्धा तास पुरतो.

केवळ लाली असेल, कातडी फाटलेली नसेल, तर कोरडी जागा आणि रोज पाय धुणे बहुधा पुरते. अशा लालीवर मी हळद आणि खोबरेल तेल लावतो. गुण हळदीचा की कोरड्या तुसाचा हे मला सांगता येणार नाही, परंतु उघड्या जखमेवर मी ते लावत नाही.

खपली आणि मध्यम सूज असेल तर हातमोजे घालावेत, कारण हाच जिवाणू माणसाच्या कापलेल्या बोटातही शिरतो. 1 लिटर कोमट पाण्यात सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, औषधी दुकानातील एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून पाय 10 ते 15 मिनिटे बुडवावा. खताच्या गोणीतील मॅग्नेशियम सल्फेट यासाठी घेऊ नये. पाय पूर्ण कोरडा करून, 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन 1 भाग व उकळून गार केलेले पाणी 9 भाग या द्रावणाने जखम पुसावी, वर त्याच औषधाचे मलम लावून स्वच्छ गॉझची घडी ठेवावी आणि बोटांच्या मधून पट्टी गुंडाळावी. पट्टीनंतर तासाभराने बोटे पाहावीत. ती गार किंवा फुगलेली असतील तर पट्टी घट्ट झाली आहे. भिजून मऊ झालेली खपली आपोआप सुटली तर सुटू द्यावी, ओढून काढू नये. हे रोज करावे आणि पक्षी जाड, कोरड्या तुसावर वेगळा ठेवावा.

चार-पाच दिवसांत सूज उतरली नाही, सूज बोटांत किंवा घोट्याकडे चढली, किंवा कोंबडी बसूनच राहू लागली, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. गोठलेला पू काढणे ही शस्त्रक्रिया आहे आणि प्रतिजैविक कोणते, किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचे आहे. दवाखाना दूर असल्यास 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करावी. दोन्ही पाय आणि सांधे एकदम सुजले असतील तर रोग वेगळा असू शकतो. नडगीवरील खवले उचकटून खडबडीत झाले असतील तर ते खरजेच्या किडीचे काम असते, त्यावर ही पट्टी चालणार नाही.

दुखते म्हणून घरातील डायक्लोफेनॅकची गोळी कुस्करून देणारेही भेटतात. ती पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहे. गिधाडे मेली ती याच औषधाने, आणि 2006 पासून ते जनावरांसाठी बंद आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक असलेल्या पुड्याही कोणी पुढे केल्यास घेऊ नयेत. ज्यांचे दूध, अंडी किंवा मांस माणूस खातो अशा पशुपक्ष्यांत 2019 पासून त्यास बंदी आहे.

खुराड्याची इतर कामे:
- छपराची गळती बंद करणे, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढणे.
- उरलेले तूस दोन दिवसांआड उकरणे. मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर बदलणे.
- दांडी दीड फुटांपेक्षा उंच नको, सुमारे 5 सेंटीमीटर रुंद, कडा घासून गोल केलेल्या.
- अंगणातील काटे, काचा, तारा वेचणे.
- शेवग्याचा किंवा इतर हिरवा पाला रोज. जीवनसत्त्व अ कमी पडल्यास कातडी कमकुवत होते.
- राणीखेत व देवीच्या लशी, जंतनाशक वेळेवर.

प्रतिजैविक सुरू केले असेल तर त्याचा अंश अंड्यांत उतरतो. अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत हे पशुवैद्यकांना विचारून खुराड्याच्या दारावर तारीख लिहून ठेवावी, आणि त्या तारखेला पट्टी सोडून तळवा पुन्हा एकदा उलटून पाहावा.