जुना चिनी वाडगा हातात आला तर शिक्का सगळ्यात शेवटी बघा

नक्षीचा जुना चिनी वाडगा समोर आला की लोक आधी ड्रॅगन बघतात, फुलं बघतात आणि मग लगेच बुडावरच्या शिक्क्याचा फोटो काढून सर्च मारतात, आणि "चिनी सम्राट कांगशीच्या काळातला निघाला, तीनशे वर्षं जुना" म्हणून मोकळे. असं करू नका प्लीज. शिक्का नकली मारणं सगळ्यात सोपं असतं.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा आणि वाडगा दोन्ही हातांनी खालून धरा. काठाला धरून उचलायचा नाही, आधीच तडा असला तर तिथूनच सुटतो. आता पालथा करा. ज्या गोल बैठकीवर वाडगा उभा राहतो तिच्या कडेवर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसते, भट्टीत चिकटू नये म्हणून ती पुसून काढतात, त्यामुळे आतली उघडी माती इथेच बघायला मिळते. बोट फिरवा सावकाश. जिंगदेजेनचा (चीनमधलं भांड्यांसाठी प्रसिद्ध शहर) चांगला माल 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला असतो, माती बारीक आणि घट्ट लागते, आणि झिलई जिथे संपते तिथे बऱ्याचदा एक नारिंगी-तपकिरी बारीक रेघ दिसते, ती मातीतल्या लोहामुळे. नकली मालावर हाच रंग ब्रशने चोपडतात, मग तो सगळीकडे सारखाच दिसतो. आतल्या बाजूचे ओरखडेसुद्धा भिंगाने बघा, खरोखर वापरलेल्या वाडग्यावर ते वेडेवाकडे, कमी-जास्त असतात, सगळे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी मुद्दाम घासलंय.

मग रंग. निळा रंग झिलईच्या खाली असतो म्हणून हाताला लागत नाही, लाल-हिरवा-गुलाबी झिलईवर चढवून कमी आचेत परत भाजतात म्हणून ते किंचित उचललेले लागतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, तो दुधाळ गुलाबी रंग चिनी भांड्यांवर 1720 च्या सुमारास आला. म्हणजे गुलाबी फुलं आणि खाली मिंग काळाचा शिक्का असेल तर विषय तिथेच संपला, कारण मिंग राजवट 1644 लाच गेली.

आता शिक्का. सहा अक्षरं असतील तर उजव्या ओळीपासून, वरून खाली वाचायची: राजवट, सम्राट, आणि "च्या काळात बनवलं". पण कांगशीच्या काळातले (1662 ते 1722) कारागीर जुन्या मिंग सम्राट छंगहुआचा (1465 ते 1487) शिक्का सर्रास मारायचे आणि एकोणिसाव्या शतकातले कांगशीचा, त्यात फसवणूकच असायची असं नाही, जुन्या कामाचा मानही असायचा. इंग्रजीत "चायना" लिहिलेलं असेल तर बहुतेक 1891 नंतरचा निर्यातीचा माल, अमेरिकेच्या कायद्याने तेव्हापासून देशाचं नाव लागायचं.

2021 मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या घरगुती सेलमधून 35 डॉलरला घेतलेला वाडगा सदबीजच्या लिलावात 7,21,800 डॉलरला गेला, मिंग सम्राट योंगलेच्या काळातला निघाला. तज्ज्ञांनी तो ओळखला आकार, चित्राची ढब, तो निळा आणि रेशमासारखी झिलई यावरून. ही नजर फोटो बघून येत नाही हो, खरी भांडी बघावी लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, तिथे वेळ काढून जा.

एक कायद्याचं, शंभर वर्षांवरची वस्तू भारतातून बाहेर न्यायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, परदेशातल्या नातेवाइकाला गिफ्ट म्हणून पाठवायचा विचारही नको.

धुवायचा तर प्लास्टिकच्या टबात, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, आणि भिजत ठेवायचा नाही, जुनी डागडुजी असली तर गोंद सुटतो. सोनेरी रेघेवर तर कापडही घासू नका. आणि त्यात खीर वगैरे अजिबात वाढायची नाही, वरच्या रंगांत शिसं असतं.